रस्त्याकडे पाठ केलेली इमारत

वीरभद्रअप्पांनी आमच्या पतसंस्थेत एक दिवसही नोकरी केली नाही. पण माझ्या नोकरीची शेवटची वर्षे त्यांनी उभारलेल्या भिंतींच्या आत सुखाने गेली. पुढच्या वर्षी मी सेवानिवृत्त होईन. त्याआधी या माणसाविषयी लिहून ठेवावेसे वाटले.

अप्पा धारूरचे. घरचे किराणा दुकान थोरले भाऊ महांतेश पाहत. अप्पांनी बांधकामाचा डिप्लोमा केला आणि बरीच वर्षे अंबाजोगाईच्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून काढली. गोदामे बांधली, शाळांच्या खोल्या बांधल्या, पण सगळे दुसऱ्याच्या नकाशावरून. पन्नाशीला आल्यावर ते नोकरी सोडून गावी परतले. तेव्हा त्यांच्या पत्नी बसम्मावहिनी म्हणाल्या होत्या, "आता नकाशा बी तुमचाच अन् घरी बसणं बी तुमचंच." हे अप्पाच सगळ्यांना सांगत आणि हसत.

त्यांच्या स्वतःच्या नकाशाची पहिली इमारत म्हणजे आमचे कार्यालय. साल पंचाण्णव. नव्या आर्थिक धोरणाचे वारे तालुक्यापर्यंत आले होते. आमचे चेअरमन अर्जुनराव औरंगाबादला एका बँकेची इमारत पाहून आले. समोर पूर्ण काच, आत एसी. तसेच त्यांना धारूरला हवे होते. शिल्लक मात्र एवढीच, की कार्यालय बांधले तर सभागृह नाही आणि सभागृह बांधले तर कार्यालय नाही. शिवाय उन्हाळ्यात लाईट दुपारी हमखास जाई.

अप्पांनी दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली बसवल्या. मध्ये सरकत्या लाकडी फळ्या ठेवल्या. रोज एका बाजूला कार्यालय चालायचे, सभेच्या दिवशी फळ्या सरकवल्या की मोठा हॉल. भिंती जवळच्या खाणीतल्या काळ्या दगडाच्या, चांगल्या जाड. ऊन खाली उतरू नये म्हणून स्लॅबवर कुंभाराची मडकी उपडी मांडून वर कोबा केला आणि त्याला चुना फासला. खिडक्या उत्तरेला आणि दक्षिणेला. छताला लागून दोन्हीकडे झरोके, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जावी. रस्ता पश्चिमेला होता. त्या बाजूला अप्पांनी एकही खिडकी ठेवली नाही. दारसुद्धा उत्तरेच्या अंगणातून काढले.

हे पाहून अर्जुनराव खवळले. "अप्पा, संस्था हाय का गोदाम? लोक म्हनतेत, चेअरमननं रस्त्याकडं पाठ केली."

"उन्हाकडं केली," अप्पा म्हणाले. "तुमी मे महिन्यात दुपारी चारला पश्चिमेला तोंड करून बसून बघा."

"बसायला एसी लावतो की."

"लाईट गेल्यावर एसी काय हातानं फिरवनार?"

अर्जुनरावांनी काचेचा विषय मनातून सोडला नाही. पुढच्या मे महिन्यात उद्घाटन ठरले. त्याच दिवशी सभासदांची विशेष सभा बोलावली आणि मला, सेक्रेटरीला, विषय क्रमांक चार म्हणून लिहायला लावले : रस्त्याकडची भिंत पाडून काच लावणे, झरोके बुजवणे, एसी व जनरेटर कर्ज काढून घेणे. सभेत लोक घामाघूम झाले की हा विषय आपोआप मंजूर होणार होता. अप्पांची एकुलती एक इमारत उद्घाटनाच्या दिवशीच मोडायला निघणार होती.

सभेच्या सकाळी अप्पा हॉलमध्ये शिरले आणि दारातच थांबले. आमचे सभासद गहिनीनाथ मंडपवाले. त्यांनी हौसेने, एक पैसा न घेता, हॉलभर कापडी छत ताणले होते. लाल-पिवळे, कडेला जरीची झालर. आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की डोक्यावर कापड हवेच, त्याशिवाय शोभा नाही. त्या शोभेखाली दोन्हीकडचे सगळे झरोके झाकले गेले होते.

"काढायला सांगू का?" मी विचारले.

"नको. मानानं बांधलंय त्यानं," अप्पा म्हणाले आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

दुपारी सभा सुरू झाली. थोड्याच वेळात लाईट गेली. पंखे थांबले आणि हॉल कोंदटला. लोक अहवालाच्या पुस्तिकेने वारा घेऊ लागले. अर्जुनराव व्यासपीठावरून म्हणाले, "अप्पा, तुमचा वारा कुठं गेलता म्हनायचा? उमापूरच्या बाजाराला?" सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळले, "सेक्रेटरी, विषय चार आधी घ्या."

मी कागद हातात घेतला, तोवर अप्पा पहिल्या रांगेत गहिनीनाथांच्या खुर्चीपाशी पोचले होते.

"गहिनीनाथ, छत लई देखनं हाय. पन हितं आत बसलेल्यालाच दिसतंय. भायेर अंगनात बांधलं तर रस्त्यानं जानारा येनारा बघंल."

गहिनीनाथांनी एकदा वर पाहिले, एकदा दाराकडे. "हे सकाळीच कावून न्हाई सांगितलं?"

"तवा सांगितलं असतं तर तू सभेला आलाच नसतास."

गहिनीनाथ हसले आणि स्वतः शिडीवर चढले. सभा थांबवून कापड उतरवले. झरोके उघडे झाले. हॉल गार झाला असे लिहिणे खोटे ठरेल. पण कोंदटपणा गेला, खिडक्यांतून हवा आत ओढली जाऊ लागली आणि पुस्तिका हळूहळू मांडीवर आल्या. मेंढरे राखणारे आमचे जुने सभासद सिदू मागून ओरडले, "चेअरमन, आता झोप यायलीय. भाषन आवरा."

अर्जुनरावांनी रुमालाने मान पुसली. रुमाल खिशात ठेवला तो पुन्हा काढला नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "सेक्रेटरी, विषय चार मागं घेतला असं लिवा."

ते कर्ज आम्ही कधी काढले नाही. विजेचे बिल भरताना आजही मला अप्पांची आठवण होते. नशीब एवढेच, की अर्जुनरावांनी 'मागं घेतला' हे शब्द मोठ्याने, सगळ्यांसमोर उच्चारले.

अप्पा सकाळपासून उभेच होते, आताही मागच्या भिंतीपाशी परतले होते. गहिनीनाथांनी आपली खुर्ची तिथे नेऊन दिली. अप्पांनी आधी भिंत गार आहे ना ते हाताने चाचपून पाहिले, मग बसले आणि सभा संपेपर्यंत उठले नाहीत.