बिब्याला न दचकणारी टाच

त्या साहेबांची आठवण निघाली की आजही माझं डोकं फिरतं.

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता. यवतमाळच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत मदतनीस होतो. साहेब वनस्पतिशास्त्राचे. जंगलातल्या बियांच्या तेलांवर त्यांचं संशोधन चाले, म्हणून आम्ही घाटंजीकडे कोलाम आदिवासींच्या एका वस्तीवर जायचो. तिथे टाचेला भेगा पडल्या की मोहाच्या बियांचं तेल चोळायचं आणि वर तापल्या बिब्याचा चटका द्यायचा, अशी रीत. भलेभले गडी बोंबलत. एक बाई मात्र पाय पुढे करून खुशाल गप्पा मारत बसे.

साहेब हरखले. या तेलानं कातडीतल्या नसा बधिर होतात, असा शोधच त्यांनी लावून टाकला. मलम निघेल, नाव होईल! तेच तेल चोळून बाकीच्या बाया ओरडत होत्या, ते त्यांना दिसत नव्हतं? चांगलं दिसत होतं. त्या बायांची नोंद त्यांनी वहीत केलीच नाही.

एकदा त्या बाईच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला दिसला. चांगला बोटभर आत.

"मावशी, हा कधी रुतला?"

"काय माईत! मले त लागलाच नाही," ती हसली.

मी तसाच उठलो. साहेबांना म्हटलं, तेलाचं काही नाही, हिचा पायच बधिर झालाय. महारोग असेल, दवाखान्यात नेऊ.

"तुम्ही बाटल्या धुवा. डॉक्टरकी करू नका."

आणि मी मुकाट्यानं बाटल्या धुतल्या. साहेबांचा राग येतोच, पण त्याहून जास्त माझा मलाच येतो.

वर्षभरानं त्यांचा लेख छापून आला. मी रजा टाकून एकटाच वस्तीवर गेलो. बाई कुडाला टेकून बसली होती. पायाला चिंध्या, दोन बोटं गेलेली.

"दवाखान्यात नाही गेलीस?"

"तुहे साहेबच त म्हनत, माह्या पायात तेलाची ताकद आहे. मंग कायले जाऊ?"

तिला बसनं यवतमाळला आणलं. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावून पायावरून कापूस फिरवला. तिला काही कळलं नाही. गोळ्या लिहून देताना ते माझ्यावर खेकसले, "मागच्या वर्षीही ह्याच गोळ्या इथे मिळत होत्या. इतके दिवस काय करत होतात?"

बाटल्या धूत होतो.