लाकडं मजुरीत धरायची का?

आर्डिथमावशीच्या कात्रीत व्हर्लिनच्या कानाची पाळी सापडली, तेव्हा मी तिच्याच दुकानात ओले केस घेऊन नंबर लागायची वाट बघत बसले होते. व्हर्लिन ओरडला नाही. त्याने खिशातून रुमाल काढला, कानाला दाबून धरला आणि म्हणाला, "मावशी, कान कापायचे वेगळे पैसे घेतेस का?"

मावशी हसली नाही. तिने कात्री खाली ठेवली आणि भिंत चाचपत मागच्या खुर्चीत जाऊन बसली. तिला भिंत चाचपताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मावशी म्हणजे काही कोणाची सख्खी मावशी नाही. आमच्या मिंक क्रीक गावात सगळेच तिला मावशी म्हणतात. व्हर्लिन हॉब्ज तिच्याहून सात वर्षांनी मोठा, तोही म्हणतो. घराच्या मागच्या ओसरीला काचा लावून तिने केस कापायचं दुकान केलंय. एक खुर्ची, एक आरसा, आणि भिंतीवर नवऱ्याच्या हातची पाटी: केस कापणे आठ डॉलर. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली, पाटी तीच आहे.

"कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं.

"दिसतं की. धुक्यातून दिसतं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील," ती म्हणाली. "जत्रेच्या मैदानात फुकट तपासणीची गाडी आली होती ना, त्यांनी सांगितलं मोतीबिंदू आहे. उजवा पिकलाय, डावा मागून येतोय. ऑपरेशनचा खर्चही सांगितला. तेवढ्या पैशात व्हर्लिनची गाडी दोनदा आली असती."

"माझ्या गाडीला मधे आणू नकोस," रुमालामागून व्हर्लिन म्हणाला.

मी गावच्या वाचनालयात काम करते आणि मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. आरोग्य विम्याचा नवा कायदा आला त्या हिवाळ्यात ही खोड माझं अधिकृत काम झाली. विमा शोधायचा तो कॉम्प्युटरवरच, आणि गावातले चार धड कॉम्प्युटर माझ्याकडे. त्या कायद्याचं नाव काढलं की माणसं तोंड वाकडं करायची, आणि मग इकडेतिकडे बघून हळूच विचारायची, "जोनेल, माझी बायको बसेल का गं त्यात?"

मावशीला मी दुसऱ्याच दिवशी धरून आणलं. एकसष्ट वय, एकटी, सिगारेट नाही, कमाई इतकी इतकी. मी सगळं भरलं आणि आकडा आला. महिन्याला चारशे तीस.

"वर्षाला ना?" मावशीने विचारलं.

"महिन्याला."

"मग आंधळं होणं स्वस्त पडेल."

मला ते पटेना. आदल्याच आठवड्यात तिच्याहून जास्त कमावणाऱ्या बाईला मी वीस डॉलरांच्या हप्त्यात बसवलं होतं. पुन्हा भरलं, तोच आकडा. मग सगळी माहिती वाचत बसले, आणि जे कळलं ते मावशीला सांगायची मला लाज वाटली. कायद्याने गृहीत धरलं होतं की सगळ्यात गरिबांना प्रत्येक राज्य आपल्या फुकट योजनेत घेईल, त्यामुळे हप्त्याची सूट त्यांच्या वरच्यांना ठेवली. आमच्या टेनेसीने ती योजना वाढवायला नकार दिला. डोंगरापलीकडे केंटकीने होकार दिला. मावशी मधल्या फटीत पडली.

"थांब," ती म्हणाली. तिला राग आला नव्हता, नवल वाटत होतं. "म्हणजे मी थोडी कमी गरीब असते तर मला स्वस्त पडलं असतं?"

"हो."

"आणि हा कायदा शहाण्या माणसांनी केला?"

शेजारच्या कॉम्प्युटरवर व्हर्लिन ट्रॅक्टरचे भाग बघत होता. कानाला पट्टी होती. "डोंगर ओलांड की," तो म्हणाला. "केंटकीत एखादा म्हातारा गाठ आणि लग्न कर. मोतीबिंदू काढून झाला की सोड त्याला."

"मोतीबिंदू काढल्यावर तो मला दिसेल, मग सोडावाच लागेल," मावशी म्हणाली.

कमाई थोडी वाढवून लिहू का, असं मी हळूच विचारून पाहिलं. "मी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते," एवढंच ती म्हणाली. मग भाव वाढव, म्हटलं. "म्हाताऱ्या युनाकडे आठ नाहीत, ती बारा कुठून आणेल?"

आणि खरी गोम इथेच होती. शर्टांचा कारखाना बंद पडल्यापासून निम्मं गाव मावशीकडे पैसे घेऊन येतच नाही. केस कापून झाले की माणूस उठतो, मान झटकतो, आणि पायरीवर काहीतरी ठेवून जातो. मुरवलेल्या शेंगांच्या बरण्या, अंडी, हरणाचं मांस, ज्वारीची काकवी. कोणी गाडीचं तेल बदलून देतं. मावशी दर वेळी म्हणते, "अगं, कशाला आणलंस?" आणि ठेवून घेते. पैशांचा विषय निघत नाही, तसा तो काढायचाही नसतो.

मी त्या रात्री कर खात्याचे नियम उघडले. करांचे नियम हौसेने वाचणारी गावात मी एकटीच असेन. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: कामाच्या बदल्यात वस्तू मिळाली तर बाजारभावाने तीही कमाईच. मात्र भेट म्हणून मिळाली तर नाही.

सकाळी मी मावशीच्या कोठीत उभी राहिले. जमिनीपासून छतापर्यंत बरण्या. "मावशी, हे सगळं काय आहे?"

"शेंगा आहेत."

"तसं नाही. ही मजुरी आहे की भेट?"

मावशीने त्या बरण्यांकडे पाहिलं, जेवढं दिसत होतं तेवढं. "भेटच असणार. मी कधी मागितलं नाही."

"देणाऱ्यांना विचारलंस?"

"हे विचारायचं कसं, जोनेल? तीस वर्षं संसार झाल्यावर नवऱ्याला विचारतात का, की बाबा, तू घरात प्रेमाने राहतोस की जेवायला मिळतं म्हणून?"

पण विचारल्याशिवाय इलाज नव्हता, कारण खोटं ती लिहिणार नव्हती. गाडी चालवणं तिने सोडलंच होतं, म्हणून मी घेऊन गेले. पहिलं घर युनाचं. ब्याऐंशी वर्षांची बाई, दर शनिवारी केस सेट करून घेते.

"युना," मावशी दारातच अडखळत म्हणाली, "त्या शेंगा तू मला का देतेस?"

"का म्हणजे? केसांचे."

"प्रेमाने नाही?"

"प्रेम कसलं? मजुरी आहे ती तुझी," युना ताठ झाली. "मी काय फुकटात डोकं धुवून घेते, असं वाटलं तुला? आणि आता विषय निघालाच आहे तर सांगते. तू 'कशाला आणलंस' म्हणतेस ना, तेव्हा मला भारी राग येतो. दुकानदार पैसे घेताना म्हणतो का कशाला आणलेस?"

गाडीत मावशीने पट्टा चाचपून लावला. वळणावर म्हणाली, "इतकी वर्षं मी त्या बाईला भिकारी करत होते की काय?"

पुढच्या प्रत्येक घरी तेच. अंडीवाली, हरणवाला, काकवीवाला, सगळ्यांनी ठणकावून सांगितलं की मजुरी आहे, आणि आम्ही काही उपकार करत नाही. मला मोठी गंमत वाटत होती. मावशी समजत होती गाव तिला देतंय, गाव समजत होतं आपण फेडतोय, आणि दोघंही सुखाने नांदत होते. वर्षभरात हे सगळं किती येतं, त्याची मी बाजारभावाने बेरीज केली, तर हप्त्यात सूट मिळण्याइतकी कमाई दाखवायला थोडंच कमी पडत होतं. उरलं होतं फक्त व्हर्लिनचं घर.

व्हर्लिन दर ऑक्टोबरला मावशीला हिवाळाभर पुरतील इतकी लाकडं आणून, फोडून, रचून देतो. विकत घ्यायची तर पाच-सहाशे डॉलर. ती धरली की काम झालं.

"बटाटे?" मी त्याच्या ओसरीवर उभी राहून विचारलं.

"मजुरी."

"छपराची डागडुजी?"

"मजुरी. मी आयुष्यात कोणाला काही फुकट दिलेलं नाही, विचार कोणालाही."

"लाकडं?"

तो कानाला हात लावत राहिला. "लाकडं नाही."

"का?"

"लाकडं ओपलची आहेत."

"बरोबर आहे," मावशी लगेच म्हणाली. "ती धरायची नाहीत. चल, जोनेल." आणि चाचपत पायऱ्या उतरू लागली.

ओपल त्याची बायको. कॅन्सरने गेली तेव्हा डोक्यावर केस जेमतेम बोटाच्या पेराएवढे उगवले होते, पांढरे आणि विरळ. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी मावशी एक जुना फोटो घेऊन तिच्यापाशी गेली आणि दुपारपर्यंत बाहेर आली नाही. कुठून कसे केस जुळवले ते तिने कधी सांगितलं नाही. अंत्यदर्शनाला आम्ही पाहिलं तेव्हा ओपल ओपलसारखी दिसत होती. व्हर्लिन पाकीट काढायला गेला तर मावशीने त्याच्या हातावर चापट मारली. त्या ऑक्टोबरपासून लाकडं सुरू झाली.

हे मला माहीत होतं, तरी गाडीत मी चिडले. "दोघंही खुळे आहात. लाकूड ते लाकूड. तुला डोळे हवेत की नकोत?"

"हवेत," मावशी म्हणाली. "पण ओपलसाठी द्यायला त्याच्याकडे तेवढंच आहे."

मार्च संपत आला. विमा घ्यायची मुदत महिनाअखेर संपली की वर्षभर दार बंद, आणि तोवर डावा डोळाही जाणार, हे तिलाही कळत होतं. तिने औषध लावून केस कुरळे करायची, पर्मची कामं घेणं थांबवलं. त्या औषधाने कोणाचं डोकं भाजेल याची तिला भीती वाटायला लागली होती. मी दोनदा फोन केला, दोनदा तिने पावसापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात व्हर्लिन वाचनालयात आला. कॉम्प्युटरकडे गेला नाही. टोपी काढून माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"ते सरकार कमाई विचारतं ती मागच्या वर्षीची, की पुढची?"

"या वर्षाची. यंदा किती मिळेल त्याचा अंदाज."

"म्हणजे लाकडं यायची आहेत अजून."

"हो."

"मग यंदाची लाकडं मजुरी. केस कापायची. लिही."

"व्हर्लिन, खरंच? मावशी खोटं चालवून घेणार नाही."

"खोटं कुठाय? लाकडं माझी, ती कशाची ते मी ठरवणार." त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "आणि ओपल असती तर एवढे दिवस लावले म्हणून तिने मला चुलीतल्या लाकडानेच हाणलं असतं."

तो गेल्यावर मी मावशीला आणलं आणि सांगितलं. तिने विचारलं, "त्याच्या तोंडून आलं?" मी हो म्हटलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "लिही." हप्ता वीस डॉलरांच्या आत बसला. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण वाईटही वाटलं, ते का लपवू? एका माणसाकडे द्यायला एकच गोष्ट होती, आणि मी तिचा बाजारभाव काढला होता.

जूनमध्ये मावशीच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पुढच्या रविवारी आम्ही उशिरा पोचलो, म्हणून पहिल्या बाकावर बसणारी मावशी त्या दिवशी माझ्याबरोबर सगळ्यात मागे बसली. प्रार्थना सुरू असताना बघते तर ही तोंडाला रुमाल लावून गदगदा हलतेय. मला वाटलं रडतेय.

"जोनेल," ती कुजबुजली, "समोर बघ."

समोर सगळ्या गावाच्या माना होत्या. एकाचे केस डावीकडे दोन बोटं खाली, एकाच्या मागे उंदराने कुरतडल्यासारखी खाच, युनाच्या डोक्यावर तर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी.

"ही माणसं दोन वर्षं अशी फिरली? कोणी बोललं का नाही?"

"कोण बोलणार तुला?"

"तू तरी!"

"माझेही केस तूच कापतेस," मी म्हटलं.

सोमवारपासून तिने सगळं गाव पुन्हा भादरलं. यावेळी मजुरी घेतली नाही, आणि युनाने वाद घातला तर तिला म्हणाली, हे दुरुस्तीचं काम आहे.

ऑक्टोबरात व्हर्लिन लाकडं घेऊन आला. मी तिथेच होते. नेहमीसारखी त्याने ती ओसरीशी रचली, ओळ सरळ आहे का ते मागे सरून पाहिलं. "मोजून घे, मावशी. यंदा सरकारी लाकडं आहेत."

मग तो गाडीकडे परत गेला. पुढच्या सीटवरून त्याने एक छोटी मोळी काढली, चुलीत बसतील अशी बारीक फोडलेली, सुतळीने बांधलेली.

"ही वेगळी ठेव," तो म्हणाला. "ही मजुरीत नाही."

मावशीने मोळी दोन्ही हातांनी घेतली. कशाला आणलीस, असं म्हणाली नाही. आत नेऊन चुलीशेजारी ठेवली, परत आली, आणि खुर्ची त्याच्याकडे फिरवली.

"बस. तो कान बघू दे मला."

तो बसला. तिने त्याची मान उजेडाकडे वळवली आणि कानाच्या पाळीवरच्या खाचेवरून बोट फिरवलं. "एवढा कापला होता मी?"

"एवढाच," व्हर्लिन म्हणाला.