नागपूरचा डॉक्टर की मुंबईचा दातवाला

जानेफळच्या इंद्रभानला लहानपणापासून काही म्हणता काही ठरवता येत नसे. बाजारात बापाने विचारलं, रेवड्या घेतो की फुटाणे, की हा दोन टोपल्यांच्या मधोमध उभा राहायचा. शेवटी बाप वैतागून गुळाचा खडा हातावर ठेवायचा आणि ओढत घरी आणायचा. पोरगा मॅट्रिक झाला, अमरावतीला राहून इंटर सायन्सही झाला, पण त्याचं तळ्यात-मळ्यात काही सुटलं नाही. फरक एवढाच, की लहानपणी लोक त्याला येडा म्हणायचे, आणि इंटर झाल्यावर विचारी म्हणू लागले.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्यामुळे कचेरीचं काम असो की पोराचं शिक्षण, जो तो नागपूरकडे तोंड करून बसलेला. इंद्रभानने नागपूरच्या मेडिकल स्कूलात जायचं आणि डॉक्टर होऊन यायचं, हे त्याच्या वडिलांनी, भगवानरावांनी, तो इंटरला बसायच्या आधीच गावभर सांगून टाकलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. पण उन्हाळ्यात मामा आला. पंजाबराव त्याचं नाव, परळच्या एका गिरणीत कारकून. त्याने ओट्यावर बसून सांगितलं, की मुंबईत नुसतं दातांचं कॉलेज निघालं आहे, तिथे शिकलेल्या माणसाला तिकडे साहेबासारखा मान आहे, आणि भाचा माझ्याच खोलीवर राहील. एवढं बोलून मामा चार दिवसांनी गाडीत बसून निघून गेला, आणि घराचे दोन पक्ष करून गेला.

दोन्हीकडे अर्ज टाकावा म्हटलं, तर दोन्हीकडे मॅट्रिकचं अस्सल सर्टिफिकेट मागितलेलं. अस्सल एकच असतं. ते एकतर नागपूरला जाणार नाहीतर मुंबईला.

भगवानरावांना दाताचा डॉक्टर ही गोष्टच पटत नव्हती. ताप उतरवतो तो डॉक्टर, हाड बसवतो तो डॉक्टर. दात काय, आज दुखतो, उद्या पडतो. चावडीवर ते हसत हसत म्हणायचे, "दात त मी बी पायतो, बैलाचे. त्याच्यासाठी कोणत्या कालेजात गेलो व्हतो म्या?" बैलबाजारात त्यांनी जबडा उघडून वय सांगितलं की खरोखरच कोणी वाद घालत नसे, त्यामुळे या बोलण्यावर लोकही पोट धरून हसायचे.

मनकर्णाबाईंचं, म्हणजे इंद्रभानच्या आईचं, गणित सरळ होतं. मुंबईला भावाकडे पोराला गरम भाकर मिळेल, आणि नागपूरला म्हणे मुडदे फाडायला लावतात. मुडदे दातवाल्यांनाही फाडावे लागतात, हे इंद्रभानला ठाऊक होतं. पण ते बोललं तर आईचा पक्ष मोडेल आणि मग आपल्याला खरंच काहीतरी ठरवावं लागेल, म्हणून तो गप्प राहिला.

खरं सांगायचं तर आतून त्याचा कल मुंबईकडे होता, आणि त्याचं कारण सांगायची त्याला लाज वाटत होती. तो शाळकरी असताना त्याची धाकटी बहीण रुख्मिणी तापाने गेली. मेहकरहून डॉक्टर आला होता. त्याने पोरीची नाडी पाहिली, हात धुवायला पाणी मागितलं, आणि नंतर घरातल्या कोणाकडेही न बघता दारातल्या जोड्यांकडे बघत उभा राहिला. तो चेहरा इंद्रभानच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. आपल्या हाताखाली माणूस जावा आणि आपण असं जोड्यांकडे बघत उभं राहावं, याची त्याला मनापासून भीती वाटायची. दातांचं बरं. दाताने कोणी मरत नाही. पण भित्रा म्हणून मुंबईला जाणं हेही त्याला पटेना, म्हणून जो विचारेल त्याला तो म्हणायचा, "दोन्ही बरे दिसून राह्यले."

शेवटी भगवानरावांनी हात टेकले आणि म्हणाले, मारुतीला कौल लावू. ही गोष्ट सगळ्यांनाच पटली, कारण त्यात कोणाचीच हार नव्हती. शनिवारी सगळे देवळात जमले. शालिग्राम गुरवाने मारुतीच्या दोन्ही खांद्यांना कण्हेरीचं एकेक ओलं फूल चिकटवलं. उजवं फूल आधी पडलं तर नागपूर, डावं पडलं तर मुंबई, असं मोठ्याने बोलून झालं. बराच वेळ काही होईना. पोरं कंटाळून बाहेर गेली. मग एक फूल सावकाश ओघळलं आणि देवाच्या पायाशी पडलं.

भगवानरावांनी लगेच हात जोडले आणि म्हणाले, उजवं पडलं, नागपूर. मनकर्णाबाई म्हणाल्या, उजवं कसं, हे तर माझ्या डाव्या हाताकडचं आहे. तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं, की देव आपल्याकडे तोंड करून उभा आहे, आणि त्याचा उजवा तो आपला डावा. शालिग्रामला विचारलं तर तो म्हणाला, कौल देवाचा, म्हणून हातही देवाचाच धरायचा. मनकर्णाबाई म्हणाल्या, मागणारे आपण, देवाने आपल्याला समजेल असंच बोलायला नको का. यावर गुरवही विचारात पडला. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरात कौल लावत आले होते, पण आजवर हा प्रश्न कोणी काढला नव्हता. दुसरा कौल लावावा तर पहिल्याचा अपमान होतो. इंद्रभान दोन्ही हात समोर धरून कधी देवासारखा उभा राहून बघायचा, कधी भक्तासारखा, आणि होता त्याहून जास्त गोंधळायचा.

पुढचे आठ-दहा दिवस गावात पेरणीच्या गोष्टींऐवजी मारुतीच्या हाताच्याच गोष्टी चालल्या. जेवताना भगवानराव एक बोलत, मनकर्णाबाई वाढता वाढता दुसरं. ज्याला त्याला विचारून झालं. फक्त इंद्रभानची आत्या, तानुबाई, काही बोलायची नाही. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहत होती. विचारलं तर पदर तोंडावर ओढून म्हणायची, मले काय समजते. घरात एवढा कल्ला होता, की ती भाकर ताकात कालवून खाऊन राहिली आहे, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. इंद्रभान तर तिच्या शेजारीच जेवायला बसत होता.

एके दिवशी सकाळी ती उठलीच नाही. पदर बाजूला केला तर अर्धा चेहरा सुजून डोळा मिटलेला, अंगात फणफणून ताप, आणि तोंड बोटभरसुद्धा उघडेना. भगवानरावांनी बैलांची दमणी जुंपली. इंद्रभान मेहकर येईपर्यंत आत्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

दवाखान्यातल्या डॉक्टरने बघितल्याबरोबर सांगितलं, दाढेचा पू आहे, गळ्याकडे उतरायला लागला आहे, आणि उतरला की माझ्या हातात काही राहणार नाही. त्याने इंद्रभानला डोकं घट्ट धरायला लावलं आणि जबड्याखाली चीर दिली. आत्याने त्याचं मनगट असं धरलं, की नखं रुतली. इंद्रभानच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दाताने कोणी मरत नाही, हे आपल्याला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. आपणच आपल्याला सांगितलं होतं. त्याला भयंकर भीती वाटली, आणि पळायला कुठे जागाच नव्हती म्हणून तो धरून उभा राहिला.

दुपार कलल्यावर आत्याचा ताप उतरू लागला. डॉक्टर म्हणाला, आता धोका टळला. भगवानराव बैलांना पाणी दाखवायला गेले, तेव्हा इंद्रभान तिच्या खाटेशी बसला आणि त्याने विचारलं, कधीपासून दुखत होतं. कौल लावला त्याच्याही आधीपासून, असं तिने हाताने सांगितलं.

"मंग सांगतलं काऊन नाही, आत्या?"

पट्टी बांधलेल्या तोंडातून ती तुटक तुटक बोलली. "मी दाढेचं नाव काढलं असतं, त भाऊ म्हनला असता, बहीन भावजयीच्या बाजूनं झाली. त्याच्या घरी रायते मी, बाबू."

इंद्रभानला रडू आलं. आपण नागपूर की मुंबई करत बसलो आणि आपल्या शेजारी बसून ही बाई मरणाचं सोसत होती, आणि तेही आपल्यामुळेच. तापाला कोणी लाजत नाही, हाड मोडल्यावर माणूस गाव गोळा करतो, पण दाढ दुखते म्हणायला या घरात सोय राहिली नव्हती. नागपूर की मुंबई हे त्याला अजूनही डोक्याने नीट कळलं नव्हतं. पण जायचं कुठे, ते मात्र कळलं होतं.

दोन दिवसांनी आत्याला घेऊन ते परत निघाले. ती मागे गादीवर झोपी गेली होती. गाव जवळ आलं तेव्हा इंद्रभान बापाच्या शेजारी सरकून बसला.

"बाबा, मी मुंबईले जातो."

भगवानराव बैलांकडेच बघत म्हणाले, "मारुतीनं नागपूर सांगतलं हाये."

"मारुतीले तरी आत्यानं कुठं सांगतलं व्हतं."

ओढा आला तेव्हा भगवानरावांनी कासरा ओढून बैल थांबवले, मागे वळून बहीण झोपली आहे याची खात्री करून घेतली, आणि अंगठा गालात घालून तोंड उघडलं. आत शेवटची दाढ पार काळी पडून पोकळ झालेली होती. इंद्रभान वाकून बघत राहिला. त्यांनी तोंड मिटलं आणि बैलांना पुन्हा हाक दिली.

"दोन वर्स झाले," ते म्हणाले. "तुह्या मायले मात्र सांगू नोको."