एवढ्याला एवढा

"एवढ्याला एवढा कशाला?" हे तिचं पालुपद. जव्हारच्या आमच्या ऑफिसात कुणी चिमूटभर चटणी मोठ्या डब्यातून आणली, की ती तो डबा कानाशी नेऊन खुळखुळवायची आणि विचारायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जेवताना त्यांच्या शेजारी बसू नये.

ती जवळच्याच जामसरची. रेंज नसलेल्या पाड्यांवरून निरोप पोचवणारी रेडिओयंत्रं बसवणं हे आमचं काम. निरोप गेला तरी समोरून पोच येईपर्यंत यंत्राने त्याची प्रत जपायची. वाटेत हरवलाच तर पुन्हा पाठवता यावा म्हणून.

मोखाड्याकडच्या एका पाड्यावर बोहाड्याचा उत्सव आला की यंत्र मुकं व्हायचं. मुखवटे नाचायच्या दिवशी प्रत्येक घर पाहुण्यांना निरोप धाडायचं, "या." मेमरी भरायची आणि सगळं ठप्प. एकदा नेमकी तेव्हाच एक बाई बाळंतपणात अडली. आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई रेंज शोधत टेकडी चढल्या, म्हणून निभावलं. आता पुढच्या बोहाड्याला त्यांच्याच सुनेचे दिवस भरत होते.

मी म्हटलं, "मोठं यंत्र मागवू." तिने प्रोग्राम उघडला आणि हसायलाच लागली. प्रत्येक निरोपाला आम्ही फोटो मावेल एवढी जागा राखून ठेवली होती.

"नुसत्या 'या'ला एवढा घर?" तिने जामसरच्या बोलीत विचारलं.

तिने मेमरीचे लहान कप्पे पाडले. छोट्या निरोपाला एक. लांब असला तर कप्प्याला कप्पा जोडायचा. पोच आली की लगेच मोकळा. मग आम्हा सगळ्यांना बसवून एकदम "या" पाठवायला लावलं. चहावाल्यालाही सोडलं नाही.

बोहाड्याच्या सकाळी आमंत्रणांची झुंबड उडाली. त्यातून आशाताईंचा निरोप आला: "सुनेला कळा. गाडी पाठवा." गाडी तडक निघाली. दुपारी दुसरा आला: "मुलगी. दोघी बऱ्या." इकडे ऑफिसात ती उठून नाचायलाच लागली. मुखवटा नव्हता, म्हणून चटणीचा डबा तोंडापुढे धरला.

पुढे ती बंगळुरूला गेली. तेव्हापासून आमची जेवणाची सुट्टी अळणी झाली आहे. मला तिची फार आठवण येते.

यंदा बोहाड्याला तिचा पाड्यासाठी निरोप आला. मुलगी चालते का, दात आले का, मुखवटे कोण नाचवणार, इथे नागलीची भाकरी मिळत नाही, मिळाली तरी तशी लागत नाही... संपेचना. यंत्र कप्प्याला कप्पा जोडत राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या या बाईंनी जागा बघितली नव्हती.

थोड्या वेळाने आशाताईंचं उत्तर आलं. एका कप्प्यात मावलं.

"ये."