शैलाचा मागच्या दारातला फोटो

मी अनगोळला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, करणी असल्या गप्पा निघाल्या की उठून जाणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना माझाच हात अडखळतोय...

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली गोष्ट. यांचं दुकान बंद, माझे ऑनलाइन वर्ग, घरात नुसती चिडचिड. जरा वेळ मिळाला की मी मोबाईल घेऊन बसायची. निपाणीची माझी मावसबहीण शैला रोज स्टेटस टाकायची — घरी केलेला केक, नवऱ्याबरोबर कॅरम, गच्चीवरचे गुलाब. सगळीकडे रडारड आणि हिचं घर हसतंय! जीव जळायचा, तरी बघायचीच. वर यांच्यावर खेकसायची, "बघा, लोक कसे राहतात!"

एका दुपारी वेगळाच फोटो आला. मागच्या दाराच्या पायरीवर शैला एकटीच बसलेली. केस सुटलेले, गाल आत गेलेले. मी यांना दाखवला.

"अगं, लई वाळलीय की ही!" हे म्हणाले.

मी लगेच लिहिलं, "लई दमलीस काय गं?"

उत्तर आलं — "व्हय आक्का. आता बसलीय निवांत."

आम्ही दोघांनी वाचलं.

संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा फोन. शैला दुपारीच गेली... बरेच दिवस दवाखान्यात होती, ऑक्सिजनवर. सगळे फोटो जुने. खाटेवर पडून टाकायची. "आईला कळू दे नको म्हणायची," दाजी रडत होते. दुपारच्या फोटोचं विचारलं तर म्हणाले, "परवा दवाखान्यातनं परत दिला तवापासनं तिचा फोन माझ्याच खिशात हाय, बंद."

मी मोबाईल उघडला. फोटो नव्हता. उत्तर नव्हतं. माझा प्रश्न तेवढा होता, त्याच्यापुढे एकच टिक — न पोचलेला.

भास म्हणावा, तर दोघांना एकच कसा? आजही मला सांगता येत नाही.

दाजींना शेवटी तिच्याजवळ जाऊच दिलं नव्हतं. पुढे मी तिचं उत्तर सांगितलं, तेव्हा ते चिडतील असं वाटलं होतं. पण हे कसं शक्य आहे, असं त्यांनी कधीच विचारलं नाही. अजून अधूनमधून फोन करतात. इकडचं तिकडचं बोलतात, मग हळूच म्हणतात, "आक्का, काय म्हणालीती ती? परत एकदा सांगा की..."

मी सांगते. दरवेळी सांगते.