लायसन सोडवायला परभणीला

मागच्या महिन्यात मुलीने आपल्या मोबाइलवर आमच्या गाडीचा नंबर टाकला आणि म्हणाली, "आई, बाबांच्या नावावर एकही चलन नाही गं!" हल्ली हे इतकं सोपं झालंय, बसल्या जागी कळतं. आमचे हे, म्हणजे दत्ताराव, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "माझं एकच हाय. पण ते मोबाइलात घावायचं न्हाई." झालं, मुलगी हट्टालाच पेटली. तर तिच्यासाठी, आणि परभणीकडे कधी येणार असाल तर तुमच्यासाठीही, हा पाथरी, परभणी, झरी आणि परत पाथरी असा आमच्या लग्नानंतरचा पहिला मोठा प्रवास. लोक महाबळेश्वरला जातात, आम्ही कोर्टात गेलो होतो.

काळ नामांतराच्या आंदोलनाचा. भिंतीभिंतीवर घोषणा, आणि कधी कुठला बंद होईल आणि एसटी थांबेल याचा नेम नाही. दत्ताराव तेव्हा पाथरीत दुसऱ्याची जीप चालवायचे. पाथरी ते परभणी वडाप, म्हणजे आत माणसं, मागे लटकलेली माणसं आणि टपावर शेळीसुद्धा. भाडं कमी सापडलं की रात्री उशिरापर्यंत वाट बघायची. मी दारात बसून जीपचा आवाज ओळखायला शिकले होते. मला या माणसाला एक पक्की नोकरी लागलेली बघायची होती, दिवस मावळला की घरी येणारी.

त्या वर्षी अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना, आला. आमच्याकडे अधिकात लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून जेवायला बोलावतात. पुरण भरलेले धोंडे करतात आणि तेहतीस अनारसे दिव्यासकट तांब्याच्या ताटात जावयाला देतात. ते वाण अमावास्या लागायच्या आत द्यायचं असतं. झरीहून मायचा, माझ्या आईचा, निरोप आला होता. दत्तारावांची आई ते लहान असतानाच गेली, त्यामुळे "जेवायला या" असा निरोप त्यांना कुणी पाठवतच नसे. दोन दिवस ते आरशात भांग पाडत होते, मी गालातल्या गालात हसत होते.

नेमकी त्या दिवशी जीप फेरीवरून उशिरा आली. मित्राची मोटारसायकल मागून आणली, मला मागे बसवलं आणि निघालो. मानवतपर्यंत बरं चाललं होतं. पुढे सूर्य कलायला लागला तशी यांनी मूठ पिळली ती सोडलीच नाही. परभणीच्या चौकात शिट्टी वाजली. हवालदाराने लायसन काढून घेतलं आणि हातात पावती ठेवली. यांनी खिसा चाचपला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मायला काय बी सांगू नकोस." अमावास्या लागायच्या आत आम्ही झरीत पोचलो. माय आग्रह करत राहिली आणि जावई मान खाली घालून खात राहिले. मायला वाटलं, लाजायलेत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत परभणीतल्या एका सरकारी कचेरीतून यांना ड्रायव्हरच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. येताना मूळ लायसन आणायचं होतं, आणि लायसन तर पोलिसांकडे. म्हणून मुलाखतीच्या दोन दिवस आधी आम्ही निघालो. "तू कशाला?" असं ते म्हणाले खरे, पण माझी पिशवी त्यांनीच उचलली.

पहिला दिवस एसटीत. तिकीट आजच्या चहाहून स्वस्त होतं, पण जागा मिळवायला खिडकीतून रुमाल टाकावा लागायचा. हल्ली रस्ता रुंद झालाय. तेव्हा खड्डा आला की अख्खी गाडी एकदम "ओ!" म्हणायची. कंडक्टर सगळ्यांना सांगत होता, "आज गाडी जायलीय. उद्याचं मला इचारू नका, बंदची हवा हाय." ते ऐकून मी देवाला हात जोडले. दत्ताराव मात्र सवयीने ड्रायव्हरच्या पायांकडे बघत होते.

परभणीला उतरल्यावर स्टँडजवळ भजी खाल्ली. गरम होती, पण चहात साखर फार. मग पोलिसांच्या वाहतूक शाखेत गेलो. टेबलावर सुतळीने बांधलेले लायसनांचे गठ्ठे होते. त्या काळी लायसन म्हणजे छोटं पुस्तकच असायचं, पुढे फोटो आणि मागे कोरी पानं. ज्याने चौकात धरलं होतं तोच हवालदार समोर निघाला. यांना बघून तो म्हणाला, "तुमी ते लय घाईत व्हते तेच ना? तुमचं कोर्टात गेलं. उद्याच तारीख हाय, उद्या सकाळी या." माणूस वाईट नव्हता, आम्हाला पाणीही विचारलं.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली एका वकिलाचे मुन्शी बसले होते. त्यांनी पावती उलटीसुलटी करून बघितली.

"साहेब इचारतेल, गुन्हा कबूल का नाकबूल. कबूल म्हणलं की दंड भरायचा, लायसन लगेच हातात. पण मागच्या पानावर शेरा पडतो, भरधाव गाडी चालवली म्हणून."

"आन् नाकबूल म्हणलं तर?" यांनी विचारलं.

"तर पुढची तारीख. तवर लायसन कोर्टात."

"परवा मुलाखत हाय मुन्शीजी. ड्रायव्हरची."

मुन्शींनी चष्मा काढला. ड्रायव्हरच्या मुलाखतीला भरधावचा शेरा घेऊन जायचं, नाहीतर लायसनशिवाय जायचं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मग ते हळूच म्हणाले, "नाकबूल म्हणा, आन् हरवलं म्हणून सांगा मुलाखतीत. मागाहून बगता येतं." दत्ताराव मान हलवून उठले. मी मात्र संध्याकाळपर्यंत त्याच वाक्यापाशी घुटमळत होते.

मुक्कामाला जिंतूर रोडच्या गाडीने झरीला गेलो. माय एकटीच होती. आम्हाला अवचित बघून तिने चूल फुंकली, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि ज्वारीची भाकरी केली. तशी आमटी मी पुन्हा कुठे खाल्ली नाही. जेवताना दत्ताराव म्हणाले, "माय, उद्या जरा कोर्टात काम हाय. गाडीचा लाइट लागत नव्हता, त्याची केस झाली." कोर्ट म्हटल्यावर मायचा हात परातीत थांबला. आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. "मी बी येती," ती म्हणाली. तिला नको म्हणायची आमची दोघांचीही छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बंद झाला नाही, ही देवाची कृपा. माय भाकरीचं गाठोडं काखेत घेऊन कोर्टात आली आणि मागच्या बाकावर माझ्याजवळ अंग चोरून बसली. (कोर्टात जाणार असाल तर भाकरी आणि पाणी घरूनच न्या. नंबर कधी लागेल सांगता येत नाही, आणि बाहेर जावं तर नेमका तेव्हाच पुकारा होतो.) दुपार होत आली तेव्हा यांचं नाव पुकारलं. ते पिंजऱ्यात उभे राहिले. कारकुनाने वाचून दाखवलं, अमुक दिवशी, अमुक चौकात, भरधाव वेगाने मोटारसायकल चालवली. लाइटचं त्यात काही नव्हतं. मायने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

मॅजिस्ट्रेट साहेब चाळिशीतले, थकल्या आवाजाचे. त्यांनी विचारलं, "कबूल आहे?"

दत्तारावांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. पुढची तारीख घ्यावी, का हो म्हणावं? मी पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. मग ते म्हणाले, "कबूल हाय साहेब."

"एवढी कसली घाई होती?"

"धोंड्याला जायलो होतो साहेब. अमावास्या लागायच्या आत पोचायचं व्हतं."

लोक हसले. साहेबांच्या ओठांचा कोपराही जरा हलला. आणि माझ्या शेजारून माय उठली. तोंडातून शब्द काढताना शेजारणीलाही बिचकणारी माझी माय भर कोर्टात उभी राहून म्हणाली, "साहेब, दंड मला करा. तिथी म्या बगितली. म्याच म्हणलं व्हतं, अमुश्याच्या आत या म्हणून. त्या लेकराचा काय गुन्हा न्हाई."

शिपाई "बसा, बसा" करत पुढे आला. साहेबांनी त्याला हाताने थांबवलं.

"मावशी, दंड गाडी चालवणाऱ्याला असतो. बोलावणाऱ्याला नाही."

"पर बोलावलं नसतं तर पळवली नसती की त्यांनी!"

पिंजऱ्यातून दत्ताराव म्हणाले, "साहेब, गाडी म्या चालवली. मायचं नाव मधी घेऊ नका." साहेबांनी कमीत कमी दंड लावला आणि जरा थांबून लायसनाच्या मागच्या पानावर शेरा लिहायला सांगितला. कायदा होता, त्यांचा तरी काय इलाज?

बाहेर लिंबाखाली मायने मला विचारलं, "शेरा म्हंजे काय गं?" मी सगळं सांगितलं, नोकरीसकट. गाठोडं सोडून तिने भाकरीवर चटणी घातली आणि जावयाच्या हातात दिली. या खेपेला त्यांनी मान वर करून खाल्लं.

माय झरीला परत गेली. आम्ही यांच्या एका ओळखीच्या घरी राहिलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत पोचलो. मी बाहेर बाकावर होते, दार उघडंच होतं. अधिकाऱ्याने पुस्तक चाळलं, मागचं पान आलं आणि तो तिथेच थांबला. दत्तारावांनी जे कोर्टात सांगितलं तेच इथे सांगितलं, अमावास्येसकट. गाडीही चालवून दाखवली, पोटातलं पाणी हलणार नाही इतकी संथ. अधिकारी म्हणाला, "हात चांगला आहे तुमचा. पण शेरा असलेला माणूस घेतला तर मला वर उत्तर द्यावं लागेल. कोऱ्या लायसनवाले बाहेर रांगेत आहेत." खोटं बोलला नाही, एवढं त्याच्याबद्दल म्हणता येईल.

परतीच्या एसटीत मला रडू आवरलं नाही. मुन्शींचं ऐकलं असतं तर, असं मी बोलूनही दाखवलं. मानवत गेल्यावर दत्ताराव म्हणाले, "माझ्यासाठी आजवर कुणी असं उभं राहिलं नव्हतं गं." त्यांचे डोळे भरून आले होते. नोकरी गेल्याचं दुःख मला होतंच, ते खोटं कशाला सांगू? पण त्या क्षणी मला या माणसाचा आणि माझ्या मायचा इतका अभिमान वाटला की मी भर गाडीत त्यांचा हात धरला. तेव्हा असं कुणी करत नसे. समोरच्या बाईने तोंड फिरवलं.

सरकारी नोकरी यांना कधीच लागली नाही. पुढे स्वतःची जीप घेतली आणि ती गुडघे कुरकुरेपर्यंत चालवली. अजूनही परभणीचा तो चौक आला की शिट्टी नसताना गिअर खाली येतो. मागून हॉर्न वाजतात, पण यांना फरक पडत नाही.

प्रवास इथे संपतो, पण एक राहिलं. पुढचा अधिक महिना आला आणि मी झरीच्या निरोपाची वाट बघत होते. निरोप आलाच नाही. एका सकाळी दारात माय उभी! मांडीवर डबा सांभाळत ती दोन एसट्या बदलून आली होती. डब्यात धोंडे होते, अनारसे होते आणि वातीसकट दिवा होता. सासूने वाण घेऊन जावयाच्या दारात यायचं, असं आमच्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. "तुमी यायचं न्हाई आता. मी येत जाईन, म्हंजे घाई न्हाई," ती म्हणाली. तिने दोघांना पाटावर बसवलं, ओवाळलं, वाण दिलं आणि दाराशी जाऊन आपल्या पिशवीतला पाण्याचा तांब्या काढला. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही जुनी रीत. आमची मुलगी तेव्हा झाली नव्हती. उन्हातून आलेली माय घरून आणलेलं कोमट पाणी पिणार होती.

दत्ताराव पाटावरून उठले. माठातलं गार पाणी तांब्याभर काढून त्यांनी तिच्यापुढे धरलं.

"माय, प्या. दंड व्हईल तो माझ्या नावावर."

मायने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डोक्यावरचा पदर सावरून ते पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

मोबाइलात सापडत नाही ते हेच. त्या दंडाचं समन्स अजून आमच्याकडे आलेलं नाही.