कहाँवाले काका

छातीचा एक्स-रे काढायला कुणीही येवो, बडा बाजारातले कहाँवाले काका आधी विचारायचे, "कहाँ कहाँ हो आए, भैया?" श्वास रोखायला नंतर सांगायचे. उत्तर फोटोच्या पाकिटावर लिहायचे. लोक वैतागायचे. मीही वैतागले होते.

माझ्या नवऱ्याला तीन आठवडे ताप आणि खोकला होता. डॉक्टरांना टीबी वाटत होता. फोटो बघून औषधं सुरू करायची होती. काकांचं घराणं आमच्यासारखंच झाशीतलं जुनं मराठी, म्हणून आमच्याशी मराठीत बोलले.

"कुठं जाऊन आलात?"

"कुठंच नाही. दफ्तर आणि घर," नवरा म्हणाला.

"हे असंच सांगणार. बेटा, तू बोल."

मला देवीची गुहा आठवली. चिरगावच्या पुढे टेकडीत आहे. नवरात्राआधी ती झाडायचा मान आमच्या घराचा, आणि झाडू घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातात. महिन्यापूर्वी नवऱ्यानंच ती झाडली होती, हे मी काकांना सांगितलं.

"आत वटवाघळं?"

"छतभर."

"त्यांची घाण भिजवून झाडली की कोरडी?"

"कोरडी. एवढं पाणी वर कोण नेणार?"

काकांचे डोळे चमकले. आजारी माणसासमोर इतकं खूश होणं मला पटलं नाही. त्यांनी पाकिटावर ठळक लिहिलं: गुहा, वटवाघळं, कोरडी झाडलोट. "मी डॉक्टर नाही. पण त्या घाणीत बुरशी वाढते. धुळीबरोबर फुप्फुसात जाते आणि फोटोत टीबीसारखी दिसते. डॉक्टरांना हे वाचायला लाव."

डॉक्टरांनी वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि ग्वाल्हेरला तपासणीला पाठवलं. बुरशीच निघाली. औषध वेगळंच होतं. बरं व्हायला अख्खा हिवाळा गेला.

पुढच्या वर्षी काका हटून बसले, "मला ती गुहा दाखव." न झाडणंच बरं, असं डॉक्टरांचं मत, पण घरच्यांना मान सोडवेना. मग मी नवऱ्याला खालीच ठेवलं, मास्क बांधला, पाण्याचा फवारा घेतला आणि झाडू स्वतः उचलला. जाऊ म्हणाली, "देवीच्या दर्शनाला निघालात की ऑपरेशनला?"

काकांना दमा होता. त्यांना गुहेपासून लांब एका दगडावर बसवलं. "आत काय दिसतंय?" ते दर दोन मिनिटांनी ओरडायचे. मी आतून ओरडून सांगत होते. उतरताना म्हणाले, "चालीस साल लोकांना विचारतोय. खुद कहीं नहीं गया, बेटा."

काका गेल्या वर्षी वारले. त्यांच्या एक्स-रेच्या दुकानात आता नवं मशीन आहे. फोटो झटपट मिळतो, कुणी काही विचारत नाही. म्हणून घरात कुणी खोकलं की मी विचारते. "दफ्तर आणि घर," नवरा म्हणतो. मी त्याच्याकडे बघत राहते. मग तो बाकीचं सांगतो.